उत्तर नको, पुरेल का ते सांगा

गेल्या खेपेला शेकडेवारीवर लिहिलं, तेव्हा जाता जाता एक वचन देऊन बसले होते, की स्पर्धा परीक्षांतल्या त्या विचित्र प्रश्नांबद्दल एकदा निवांत लिहीन. विचित्र म्हणजे कसे, तर गणित समोर असतं, पण त्याचं उत्तर कुणी मागितलेलंच नसतं! एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं, आणि विचारायचं एवढंच, की हा प्रश्न सोडवायला पहिलं विधान पुरेसं आहे, की दुसरं, की दोघांपैकी कुठलंही एक चालेल, की दोन्ही मिळून लागतील, की दोन्ही मिळूनसुद्धा भागत नाही. इंग्रजीत याला डेटा सफिशियन्सी म्हणतात, मराठीत माहितीची पर्याप्तता. नाव ऐकूनच अर्ध्या जणी पान उलटून पाककृतींकडे जातील. जाऊ नका. हा प्रकार आपल्या हातातला आहे, फक्त आपल्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरात हा विषय आला तो माझ्या धाकट्या जावेमुळे. ती 37 वर्षांची आहे. दोन मुलं, घरचं सगळं आणि सणवार सांभाळून गेली तीन वर्षं ती राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. आमच्या प्रवर्गाला वयाची अट 38 ची (मागासवर्गीयांना ती 43 आहे). म्हणजे हिच्या हातात आता एखादीच संधी उरली. गेल्या पूर्वपरीक्षेत पहिला पेपर तिला फार छान गेला. इतिहास, भूगोल, राज्यघटना, सगळं मुखोद्गत. अडली ती दुसऱ्या पेपरात.

हा दुसरा पेपर म्हणजे लोकसेवा आयोगाने 2013 पासून आणलेला सीसॅट. दोन तासांत 80 प्रश्न, 200 गुण. निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे, उरलेले गणिताचे आणि तर्काचे. गणित दहावीपर्यंतचंच, आणि अभ्यासक्रमात तक्ते-आलेखांच्या जोडीला ही पर्याप्तता. 2022 पासून हा पेपर नुसता पात्रतेपुरता झाला. 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की झालं, हे गुण पुढे कुठे धरत नाहीत. ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं होतं. पण त्यातली मेख अशी, की 66 नसतील तर पहिल्या पेपरात तुम्ही कितीही उजेड पाडलेला असो, तो कुणी बघतच नाही.

तिला मिळाले 61.25.

उत्तरतालिका आल्यावर दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. बरोबर उत्तराला अडीच गुण, आणि चुकलं की त्याचा पाव हिस्सा, म्हणजे 0.625 कापतात. तिची 29 उत्तरं बरोबर, 18 चूक, 33 प्रश्न कोरेच. (करून बघा: 72.50 उणे 11.25.) आता गंमत म्हणा नाहीतर दुर्दैव म्हणा, पण त्या 18 मधली फक्त दोन बरोबर आली असती, तरी दर उत्तरामागे 3.125 वाढून ती 67.50 वर गेली असती. दोन प्रश्न! आणि पर्याप्ततेचे जे तीन तिने सोडवले होते, ते तिन्ही चुकलेले. नुसते चुकले नाहीत, एकेकावर चार-चार मिनिटं गेली होती. 80 प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. हिने तिथे घालवलेल्या वेळात कोऱ्या राहिलेल्यांपैकी सात-आठ प्रश्न झाले असते.

ती ज्या क्लासला जायची तिथे सांगितलं होतं, की हे प्रश्न बायकांनी सरळ सोडून द्यावेत. ‘बायकांनी’ काहून, ते त्या सरांनाच ठाऊक. मी तेव्हा ताडकन म्हणाले, “सोडायचे कशाला? मी शिकवते.” आता मी बी. ए., अर्थशास्त्र घेऊन. आठवड्यातले चार दिवस दुपारी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. म्हटलं, आपल्याला हे अवघड ते काय!

पहिलं गणित मी माझ्या मनानेच घातलं. एका शेतकऱ्याने किती क्विंटल कापूस विकला? विधान 1: त्याला एकूण 84,000 रुपये मिळाले. विधान 2: भाव क्विंटलला 7,000 रुपये होता.

जाऊबाईंनी विधान 1 वाचलं आणि लगेच म्हणाल्या, “पहिलंच पुरेसं आहे, ताई.”

“कसं गं?”

“भाव तर माहीतच आहे ना.”

तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. वडील, काका, सगळे कापसाचे कास्तकार. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा भाव काय, हे चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगेल. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता, हे तिला पाठ होतं. मी विचारलं, “तुझ्या बाबांना दर वर्षी हमीभावच मिळाला का?” ती हसली. घरासमोर काटा लावून व्यापारी खेडा खरेदी करतो तेव्हा भाव तो सांगेल तो. खरेदी केंद्रावर नेला, तर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कमी. ज्या पोरीने हे लहानपणापासून डोळ्यांनी बघितलं, तीच परीक्षेत भाव गृहीत धरून मोकळी झाली!

मैत्रिणींनो, या प्रश्नांत सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथे. आपल्याला बाहेरचं बरंच काही माहीत असतं. ते आपण नकळत गणितात ओततो. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच आपल्या हातात, बाकी घरी ठेवून यायचं. एका तासात साठ मिनिटं, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश, असलं सर्वमान्य ज्ञान चालतं. बाजारभाव, कुणाचा पगार, गाडीचा नेहमीचा वेग, हे चालत नाही.

ही झाली तिची चूक. आता माझी ऐका. तिने चूक सुधारली, दोन्ही विधानं मिळून लागतील असं सांगितलं, आणि मी सवयीने म्हणाले, “मग कर भागाकार. किती क्विंटल?” तिने केला. 12 आले. मी वहीत बरोबरची खूण केली. रात्री भांडी आवरताना लक्षात आलं, की अरे, 12 कुणी मागितले होते? त्या भागाकाराचा गुण शून्य! मी मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आले आहे, की उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय गणित पुरं होत नाही. रेघा नाहीत तर अर्धा गुण कापीन. तीच सवय मी जावेला लावत होते, आणि तिचे चार-चार मिनिटं त्यातच जात होते. म्हणजे शिकवणारीच मुळात चुकली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पेन बाजूला ठेवलं. तोंडानेच. ‘निघू शकेल का’ एवढंच बोलायचं, ‘किती’ म्हणायचं नाही.

आणि खरं सांगा, ‘पुरेल का’ हा प्रश्न आपल्याइतका कोण सोडवतं? 2018 च्या उन्हाळ्यातली पाणीटंचाई यवतमाळच्या बायका जन्मात विसरायच्या नाहीत. निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला होता. घरोघरी एकच हिशोब, नळ येईपर्यंत टाकीतलं पाणी पुरेल का? टाकीत नेमके किती लिटर आहेत, हे कुणी मोजत बसत नव्हतं. पुरणार असेल तर ठीक. पुरणार नसेल तर टँकरला फोन. दोन्ही उत्तरं कामाचीच. बिनकामाचं एकच, ‘काय की बाई, सांगता येत नाही’.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं, कारण परीक्षेतल्या ‘हो की नाही’च्या प्रश्नांत हुशार मुलीसुद्धा इथे घसरतात. समजा विचारलं, ‘अ ही संख्या 10 पेक्षा मोठी आहे का?’ आणि विधान आहे, ‘अ ही 7 पेक्षा लहान आहे.’ उत्तर ‘नाही’ असं येतं. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “नाही आलं, म्हणजे पुरेसं नाही.” चूक! ठाम ‘नाही’ आलं, म्हणजे विधान पुरेसंच झालं. विधान हेच असं असतं, की ‘अ ही 12 पेक्षा लहान आहे’, तर 11 असेल की 9, कोण जाणे. कधी हो, कधी नाही. अपुरं. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांतला फरक ज्या दिवशी तिच्या डोक्यात बसला, त्या दिवसापासून तिची निम्मी चुकामूक थांबली.

आता पद्धत सांगते. आम्ही दुपारी साडेतीनला बसायचो, मुलं शाळेतून यायच्या आत. तिने दूधवाल्याचं कार्ड घेतलं आणि त्याने विधान 2 झाकलं. हसू नका. प्रश्न वाचल्यावर, विधानांकडे न बघता, आधी आपल्याशी म्हणायचं, की मला हे काढायला काय काय लागेल. यादी करायला बसतो ना बाजाराला जाण्याआधी, तसं. मग विधान 1 वाचायचं आणि ठरवायचं, पुरतं की नाही. नंतर कार्ड खाली सरकवून विधान 1 झाकायचं, आणि विधान 2 असं वाचायचं, की जणू पहिलं कधी बघितलंच नव्हतं. हे म्हणायला सोपं आहे, करायला भलतंच कठीण. पहिलं वाचलेलं डोक्यातून जात नाही. एका भांड्यातली फोडणी दुसऱ्या भांड्याला लागते, तसं होतं. म्हणून ते कार्ड. परीक्षेत कार्ड नेता येत नाही, तिथे तळहात ठेवायचा. दोन्ही वेगवेगळी अपुरी ठरली, तरच त्यांना एकत्र आणायचं. एकटं पुरत असताना दोघांना मिळवलंत तर उत्तर चुकलं, मग तुमचं गणित किती का बरोबर असेना.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे, तो तिला मी गुणांच्या भाषेत दाखवला. विधान 1 एकटं पुरतं, एवढं जरी नक्की कळलं, तरी दोनच शक्यता उरतात: फक्त पहिलं, किंवा दोघांपैकी कुठलंही. बाकी सगळे पर्याय गेले. आता दुसरं विधान डोक्यावरून गेलं तरी प्रश्न सोडायचा नाही. असे चार प्रश्न अंदाजाने केले आणि निम्मे बरोबर आले, तर 5 मिळाले, सव्वा गेला, पावणेचार हातात. हिने मागच्या खेपेला असे प्रश्न अर्धवट कळले म्हणून कोरे सोडले होते. कोऱ्याला काही कापत नाहीत, पण देतही नाहीत.

पर्यायांच्या क्रमाबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेतल्या व्यवस्थापन शिक्षणासाठी जी जीमॅट परीक्षा असते (तुमच्यापैकी कुणाचा दीर, कुणाची नणंद ती देत असेल), तिच्यात हे पाच पर्याय ठरलेले आणि ठरलेल्याच क्रमाने असतात, त्यामुळे मुलं ते पाठ करून जातात. नोव्हेंबर 2023 मध्ये त्या परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि हे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून आकडेवारी समजण्याच्या वेगळ्या विभागात ठेवले. आपल्याकडे तसा ठरलेला क्रम नाही. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय, लोकसेवा आयोगाच्या पेपरात चार, आणि क्रम त्या त्या प्रश्नाप्रमाणे. तेव्हा जीमॅटच्या पुस्तकावर सराव केलात तरी पर्याय पाठ करू नका. त्या दिवशी वाचा. मला वाटतं, केवळ पर्याय नीट न वाचल्याने जेवढे गुण जातात, तेवढे गणित न आल्याने जात नसतील.

आता दुधाचं गणित. हे मला फार आवडतं, कारण यात आमच्या सासूबाईंनी आम्हां दोघींना हरवलं. दुधाचं महिन्याचं बिल किती झालं? विधान 1: रोज दीड लिटर दूध घेतलं. विधान 2: दुधाचा भाव लिटरला 60 रुपये. मी म्हटलं दोन्ही मिळून पुरेसं. जावेनेही तेच सांगितलं. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “कोणता महिना?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. महिना दिलेलाच नव्हता. 28 दिवस, 30 की 31? दीड लिटरला रोजचे 90 रुपये, म्हणजे एका दिवसाचा फरकही बिलात दिसणार. दोन्ही विधानं मिळूनही अपुरी. वर सासूबाईंनी टोला दिला, “दोघी शिकलेल्या, अन् एक गणित सुटून नाही राह्यलं व माय?” त्या दिवसापर्यंत त्यांचं मत होतं, की या वयात सुनेने परीक्षा देणं म्हणजे फुकटची डोकेफोड. मत बदललं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून साडेतीनला त्या लसणाची परडी घेऊन आमच्याजवळच बसतात. खाडे किती, हाही त्यांचाच प्रश्न. पण ‘रोज घेतलं’ म्हटल्यावर खाडा नाही, हे त्यांनी कबूल केलं.

तसंच आपल्या शकुंतलेचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, अरुंद रुळांवरून जाणारी ती गाडी आता धावत नाही, पण गणितात धावायला काय हरकत? प्रश्न: यवतमाळहून निघालेली गाडी मूर्तिजापूरला किती वाजता पोहोचली? विधान 1: अंतर 113 किलोमीटर. विधान 2: सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर. अंतर आहे, वेग आहे, हात लगेच शिवशिवतात भागाकाराला. पण निघाली किती वाजता? प्रश्न ‘किती वेळ लागला’ असा असता तर दोन्ही मिळून पुरलं असतं. ‘किती वाजता’ म्हटलं की नाही पुरत. एका शब्दाचा फरक. म्हणून सांगते, प्रश्नाच्या ओळीवर बोट ठेवून वाचा, विधानांवर नंतर.

थोडं बीजगणितही बघू, घाबरू नका. एका संख्येचा वर्ग 16 आहे. ती संख्या कोणती? पुष्कळ जणी म्हणतील 4. पण उणे चारचाही वर्ग 16 च येतो. तेव्हा एवढंच विधान अपुरं. ‘ती संख्या ऋण नाही’ हे दुसरं विधान जोडलं की पुरं झालं. उलट, चौरस अंगणाचं क्षेत्रफळ 16 चौरस मीटर असेल आणि बाजू विचारली असेल, तर तेवढं एकच विधान पुरतं, कारण अंगणाची बाजू काही उणे असत नाही. संख्या म्हटलं की ती शून्य असेल, ऋण असेल, अपूर्णांक असेल, ही सगळी मंडळी आठवायची. अंगण, माणसं, वह्या म्हटलं की नाही.

आणि तो जुना नियम, दोन अज्ञात असले की दोन समीकरणं लागतातच. मी स्वतः तो फळ्यावर शंभरदा लिहिला असेल. या प्रश्नांत तो दोन्हीकडून दगा देतो. 2 वह्या आणि 3 पेनं मिळून 120 रुपये. 4 वह्या आणि 6 पेनं मिळून 240 रुपये. वहीची किंमत किती? दिसायला दोन विधानं, पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. एकाच बाईने दोनदा सांगितलेली तीच बातमी. दोन्ही मिळूनही अपुरं. आता याच्या उलट बघा: 23 रुपयांची वही आणि 7 रुपयांचं पेन, दोन्ही मिळून बिल झालं 106. वह्या किती घेतल्या? समीकरण एकच, अज्ञात दोन. नियम म्हणेल अपुरं. पण वह्या अर्ध्या-पाऊण मिळत नाहीत, पूर्णच घ्याव्या लागतात. एक वही घेतली तर उरतात 83, त्यांना 7 ने भाग जात नाही. दोन घेतल्या तर 60, नाही. तीन घेतल्या तर 37, नाही. चार घेतल्या तर 14, दोन पेनं! एकही वही न घेता 106 ला 7 ने भाग जात नाही, आणि पाच वह्यांचे 115 होतात, म्हणजे बिलाच्या बाहेर. तेव्हा उत्तर एकच निघतं, आणि एकटं ते विधान पुरेसं ठरतं. इथे मात्र थोडं करूनच बघावं लागलं, हे मी लपवत नाही. पेन अगदी बांधून ठेवायचं असं नाही. उत्तर एकच येतंय की दोन येताहेत, एवढं कळेपर्यंत करायचं. दोन वेगळी उत्तरं सापडली की तिथेच थांबायचं, विधान अपुरं. तिसरं शोधायला जायचं नाही.

जाऊबाईंचं आताचं म्हणाल, तर घड्याळ लावून दहा प्रश्न करते. आधी दहाला पस्तीस मिनिटं लागायची, परवा सतरा लागली, त्यात सात बरोबर. दीड मिनिटाचा हिशोब लावला तर अजून दोन मिनिटं कमी व्हायला हवीत. उतारे वाचण्याचा वेग ही आणखी वेगळी कथा, त्यावर मी काही सांगू शकत नाही, तो ती रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोजून वाचून वाढवते आहे. भाऊजी आता दुपारी जेवायला डबा नेतात, तेवढा एक तास तिला मिळाला. परीक्षेच्या रविवारी मुलं माझ्याकडे, स्वयंपाक सासूबाईंकडे, असं ठरून गेलं आहे. सुटेल की नाही, मला विचारू नका.

तुमच्यापैकी ज्यांची परीक्षा आहे, किंवा ज्यांची मुलं अशा परीक्षांना बसताहेत, त्यांच्यासाठी तीन गणितं देते. कार्डाने झाकून, पेन न उचलता करा.

पहिलं. आयताकृती अंगणाचं क्षेत्रफळ किती? विधान 1: परिमिती 40 मीटर. विधान 2: लांबी रुंदीच्या तिप्पट.

दुसरं. न या पूर्ण संख्येला 6 ने निःशेष भाग जातो का? विधान 1: न ला 3 ने निःशेष भाग जात नाही. विधान 2: न ही सम संख्या आहे.

तिसरं. गंगा, यमुना, सरस्वती या तीन बहिणींत सर्वांत थोरली कोण? विधान 1: गंगा यमुनेपेक्षा मोठी. विधान 2: यमुना सरस्वतीपेक्षा लहान.

उत्तरं: पहिल्याला दोन्ही मिळून लागतात. दुसऱ्याला एकटं विधान 1 पुरतं, कारण उत्तर ठाम ‘नाही’ येतं. तिसऱ्यात दोन्ही मिळूनही भागत नाही. यमुना धाकटी एवढंच कळतं. आमच्या सासूबाईंना मी तिसरं घातलं, तर त्या म्हणाल्या, “त्यांच्या आईला विचारा ना जी.”